पाट अडवून बसलेला थेंब

मला कुणी सहज जरी विचारलं, की औषध पोटात गेल्यावर नेमकं करतं काय, तर दोघांचाही चहा गार होतो. माझा बोलण्यात होतो आणि विचारणाऱ्याचा ऐकण्यात, कारण मी त्याला उठू देत नाही. हा विषय मी कॉलेजात शिकवते. सर्दीची गोळी घेतली, ती पोटात विरघळली, रक्तात मिसळली, अंगभर फिरली, आणि तरी गळणारं नाक तेवढं थांबलं. वर झोपही आली, कारण त्या गोळीला लागणाऱ्या जागा नाकात असतात तशा मेंदूतही असतात. इतकी मोठी गंमत आपल्या अंगात चाललेली असते आणि लोक कूस बदलून घोरत पडतात. मला हे बघवत नाही.

लग्न होऊन मी नागपूरहून बनारसला आले. नवरा रेल्वेत, सासरे वैदिक, घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. जवळच भोसले घाट, नागपूरकरांनी बांधलेला. "काशीत माझं माहेर दगडाचं आहे," असं मी आल्या आल्या सासूबाईंना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. रुसलीस की तिथेच जाऊन बस, तिकीट काढायला नको." तेव्हाच मला कळलं, या घरात आपलं जमणार.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबा घनपाठी. म्हणजे वेदमंत्रातले शब्द त्यांनी सरळ म्हणायचे नाहीत. दोन शब्द पुढे, तेच उलटे, परत सुलटे. मग तिसरा जोडायचा, तिघांना उलटं फिरवायचं, पुन्हा सुलटं आणायचं, आणि एक शब्द पुढे सरकून हाच खेळ परत. स्वर हलता कामा नये आणि श्वास घ्यायचा तो ठरल्या जागीच. त्यांचे एक जोडीदार आहेत, शेजारच्या गल्लीतले, बाबांपेक्षाही वयाने मोठे. हे दोघं तरुणपणापासून मांडीला मांडी लावून म्हणत आलेले. चैत्रात वसंतपूजा असते. गावातले मराठी वैदिक समोरासमोर दोन रांगा करून बसतात. एका रांगेने म्हणायचं, दुसरीने उचलायचं. त्यात बाबांच्या जोडीची जागा पहिली. घरात अभिमानाने दाखवावं असं दुसरं काही नव्हतं. टीव्हीसुद्धा जुना होता.

माझ्या विषयाची बाबांना भारी मजा वाटायची. जेवणं झाली की हात धुऊन येत आणि म्हणत, "हं, सूनबाई, सांग तुझं ते." पुस्तकांत सगळीकडे कुलूप आणि किल्लीचं उदाहरण असतं. मला ते कधीच पटलं नाही. किल्ली लावून माणूस निघून जातो, औषध तसं कुठे करतं? म्हणून मी त्यांना पंगत सांगितली.

"असं समजा बाबा, पेशीच्या भिंतीवर पाट मांडलेत. त्यांना रिसेप्टर म्हणायचं. प्रत्येक पाट ठराविक पाहुण्यासाठी. पाहुणा आला, बसला, जेवला, की पेशीच्या आत काम सुरू. शरीर स्वतःचे पाहुणे स्वतः पाठवतं. काही औषधं त्याच पाहुण्यांसारखी दिसतात, ती पाटावर बसतात आणि जेवतात. पण काही नुसती बसतात. त्यांना उपास असतो. स्वतः जेवत नाहीत, उठत नाहीत, आणि खरा भुकेला दारात उभा राहतो. अर्धं औषधशास्त्र या उपाशी मंडळींवर चालतं."

बाबांनी भुवया वर केल्या. "पण उपास असलेला माणूस पंगतीत बसेलच कशाला?"

शास्त्री माणसाशी गाठ असली की हे असं होतं. मी म्हटलं, "त्याला मुद्दाम बसवलेलं असतं. कधी कधी तिथे कुणी जेवू नये, हेच हवं असतं."

"मतलब, अडवणूक."

"बिलकुल. पण फायद्याची. आणि भुकेल्यांची गर्दी पुष्कळ वाढली तर ते उपाशाला रेटून उठवूही शकतात."

शिवरात्रीला गल्लीत भांग घोटली जात होती तेव्हा मी त्यांना सांगितलं, की भांगेचाही पाट आपल्या मेंदूत असतो, कारण शरीर स्वतःच भांगेसारखं काहीतरी थोडं थोडं बनवत असतं. बाबा इतके खूश झाले की शेजारच्या पानवाल्यापर्यंत ही बातमी त्यांनीच पोचवली. "भोलेनाथांनी जागा आधीपासून राखून ठेवलेली आहे, सूनबाईने किताबात वाचलंय." पुढे कितीतरी दिवस पानवाला मला नमस्कार करत असे. सासूबाई म्हणाल्या, "तू आल्यापासून या घरात भोपळ्यालाही रिसेप्टर फुटलाय."

मग एक हिवाळा असा आला की बाबांचा श्वास पुरेना.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. कार्तिकात मी माहेरी गेले होते, परत आले तर बाबा घाटाच्या पायऱ्या चढताना मधे थांबताना दिसले. मग सकाळच्या पाठात ठरल्या जागेच्या अलीकडेच श्वास तुटायला लागला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत असे. आवाज चढत जाई, आता वळेल म्हणून मी लाटणं थांबवी, आणि तो मधेच फाटे. बाबा खोकत, पाणी पीत, पुन्हा सुरू करत. तिसऱ्यांदा सुरू करत नसत. ती शांतता मला सहन होत नसे.

कारणं सांगायला गल्लीत तोटा नव्हता. कुणी म्हणे धुकं, कुणी म्हणे धूळ, कुणी म्हणे सगळा रस्ता खणून ठेवलाय त्याचं. बहुतेकांच्या मते वय. सासूबाईंचे काढे सुरू झाले, तुळस, आलं, मिरी, असे तिखट की माझ्याच डोळ्यांतून पाणी यावं. नवरा त्यांना लंका मोहल्ल्यातल्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, श्वासनळ्या आवळल्यात म्हणाले, दुसरी काय औषधं चालू आहेत असं विचारलं. बाबांनी रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगितलं. "और कुछ?" "कुछ नहीं." पंप लिहून मिळाला.

पंप आला म्हणून मी निर्धास्त झाले. पंपातलं औषध म्हणजे माझ्या लाडक्या पाहुण्यांपैकी एक. शरीरातलं अ‍ॅड्रेनालिन श्वासनळीच्या पाटावर बसून जेवतं तेव्हा नळ्या सैल होतात, छाती मोकळी होते. पंपातलं औषध त्याच घराण्यातलं. थेट छातीत उतरतं, पाटावर बसतं आणि चटकन जेवतं. शिवाय पंप ओढायचा कसा हे लोकांना शिकवता शिकवता माझा जीव जातो; बाबांना एकदाच सांगितलं. आयुष्यभर प्राणायाम केलेला माणूस, असा सुरेख श्वास ओढून धरला त्यांनी, की वाटलं, कॉलेजातल्या पोरांना आणून दाखवावं.

आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. बाबा इमानाने पंप ओढत, आणि छाती तशीच घट्ट. त्यांची नाडीही पूर्वीपेक्षा संथ लागत होती, पण योगी माणसाची नाडी अशीच असायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

फाल्गुनात एका दुपारी जोडीदार घरी आले. बाबा त्यांना म्हणाले, "वसंतपूजेला माझ्या जागी दुसरा पाहा. माझ्याने आता होत नाही. तुमची पण लाज जाईल." जोडीदार पुढ्यातलं पाणी प्यायले, थोडा वेळ बसले, आणि गेले. बाबा उठून गच्चीवर गेले. मी चहा घेऊन वर गेले तर ते नदीकडे तोंड करून बसलेले. मला म्हणाले, "अगं, म्हणणं थांबलं की विसरायला होतं. आणि हे विसरलो तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?"

मला रडू नाही आलं, राग आला. धुक्यावर, वयावर, काढ्यावर, छातीच्या डॉक्टरांवर, सगळ्यांवर. सगळ्यात जास्त त्या पंपावर. औषध बरोबर, ओढणारा उस्ताद, पाट जन्मापासून तिथेच, मग हे जेवत का नाही? आठवडाभर मी नवऱ्याला हाच प्रश्न विचारत होते. तो बिचारा म्हणाला, "पाट रिकामा नसेल." तो थट्टेत म्हणाला, पण मी तव्यावरची पोळी तशीच ठेवून उभी राहिले. पाट रिकामा नसेल. कुणीतरी उपाशी बसलंय. पण कोण? रक्तदाबाच्या काही गोळ्या असं करतात, म्हणून मी बाबांची गोळी तीनतीनदा वाचून पाहिली. ती त्या जातीची नव्हती. औषधांचा डबा पालथा केला, त्यात हिंगाष्टक आणि एक बाम निघाला.

उत्तर देवघरात होतं, आणि देवघरात मी त्या वेळी कधीच जात नसे. सकाळी बाबा सोवळ्यात संध्येला बसत. तेव्हा त्यांच्याजवळ कुणी जायचं नाही, शिवायचं नाही, हा घरचा नियम. तशीही ती माझी कॉलेजची बस पकडायची वेळ. पण होळीची सुट्टी लागली आणि सासूबाईंनी मला फुलांची परडी देवघराच्या उंबऱ्यापाशी ठेवायला सांगितली.

मी परडी ठेवली आणि सहज आत पाहिलं. बाबांनी पळीने तळहातावर पाणी घेतलं, आचमन केलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग पंचपात्राशेजारून, जिथे फक्त गंध-अक्षता असायच्या तिथून, त्यांनी पिवळ्या झाकणाची एक छोटी पांढरी बाटली उचलली. तिच्यावर गंगाजल शिंपडलं. मान मागे टाकली आणि उजव्या डोळ्यात थेंब सोडला. मग आणखी एक. मग आणखी एक. तसेच डाव्या डोळ्यात तीन. डोळे मिटले आणि प्राणायामाला बसले.

काचबिंदूचे थेंब. त्यांतल्या उपाशी जातीच्या बाटलीला पिवळं झाकण असतं. नाव दिसत नव्हतं, पण मला ते दिसायची गरज नव्हती. टिमोलॉल. उपाशांचा राजा. हे डोळ्यात टाकतात ते डोळ्यातला दाब उतरावा म्हणून. तिथले पाट अडवून ते आपलं काम चोख करतं. पण डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच. जास्तीचा थेंब त्या नळीतून नाकात उतरतो, नाकातून सरळ रक्तात, आणि रक्तातून छातीत. आणि छातीत नेमके तेच पाट. अ‍ॅड्रेनालिनचे. पंपाचे. सकाळ-संध्याकाळ तिप्पट उपाशी मंडळी जाऊन तिथे मांडी ठोकून बसत होती, आणि दारात पंपातला पाहुणा ताटकळत होता. संथ नाडी? हृदयातही तेच पाट. सगळं, सगळं एका बाटलीत.

आणि मला आत जाता येत नव्हतं. बाबा सोवळ्यात, संध्या अर्ध्यावर. मधेच बोलणं शक्य नाही. मी उंबऱ्याशी या पायावरून त्या पायावर नाचत होते. सासूबाई आल्या, त्यांना वाटलं मला घाई लागलीय. म्हणाल्या, "अगं जाऊन ये ना मग." मी त्यांना मिठी मारली. त्या दचकल्या, कारण आमच्याकडे सकाळी सकाळी कुणी कुणाला मिठी मारत नाही. मी नवऱ्याला उठवलं, त्याला म्हटलं सापडलं, तो म्हणाला काय हरवलं होतं. बाबांचा गायत्रीजप त्या दिवशी जितका लांबला तितका काशीत कधी कुणाचा लांबला नसेल.

ते बाहेर आले तशी मी समोर उभी. "बाबा, ती बाटली."

"कसली? आँख की दवा?" ते शांत. "कार्तिकात तू माहेरी होतीस ना, तेव्हा मी एकटाच जाऊन आँखवाल्या डॉक्टरला दाखवून आलो. काचबिंदू सुरू झालाय म्हणाले. सकाळ-संध्याकाळ, कधी चुकवायचं नाही. आता माझं सकाळ-संध्याकाळ न चुकणारं काय आहे? संध्या. म्हणून तिथे ठेवली."

"छातीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"अगं, ते डोळ्यात टाकायचं. छातीशी त्याचं काय? पोटात गेलं तर ती दवाई."

"आणि तीन थेंब? एक लिहिला असेल."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "पळी-पंचपात्राजवळची वस्तू. तीर्थ काय एकदा घेतात?"

मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना पंगत परत मांडून दाखवली, डोळ्यापासून नाकापर्यंत, नाकापासून छातीपर्यंत. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाले, "म्हणजे पाट मोडलेला नाही."

"नाही बाबा. पाट जागच्या जागी आहे. फक्त अडलाय."

"मग आजपासून डोळ्यात काही टाकायचं नाही. डोळे गेले तरी चालतील. मला पोथी कुठे लागते? सगळं मुखोद्गत आहे. सांस हवी."

या वेळी मात्र मी ओरडले. सुनेने सासऱ्यांवर ओरडू नये हे मला माहीत आहे. पण डोळे काही पंचपात्रातलं पाणी नव्हे, ओतून टाकायला. मी सांगितलं की डोळ्यातला दाब कमी करणारे दुसरे थेंब असतात, ते वेगळ्या पाटांवर बसतात, त्यांचं छातीशी भांडण नाही, आणि हे ठरवायचं ते डॉक्टरांनी, तुम्ही नाही आणि मी पण नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती."

त्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "कितने बूँद?" असं विचारलं, उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. ते थेंब बंद केले, दाब मोजला, दुसरे थेंब दिले, रोज रात्री एकच. टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे नळीतून खाली उतरायला नको, हेही शिकवलं. पंप चालू ठेवायला छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि बाटलीची जागा सासूबाईंनी बदलली. ती आता लोणच्याच्या बरणीशेजारी असते, जिथे तीर्थाचा संबंध येत नाही.

उपाशी मंडळी एकदम उठत नाहीत. हळूहळू उठतात. मी रोज सकाळी लाटणं हातात धरून ऐकायची. पहिल्यांदा आवाज पूर्वीपेक्षा थोडा पुढे जाऊन फाटला. मग आणखी पुढे. एका सकाळी बाबा घाटावरून परतले, आणि सासूबाई म्हणाल्या, "आज मधे बसले नाहीत." दुपारी त्यांनी पंप ओढला, छातीवर हात ठेवला आणि मला हाक मारली. "सूनबाई, तुझा पाहुणा जेवला बघ." मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोरांना सुट्टीच देऊन टाकणार होते. नव्या थेंबांनी एक गंमतही केली: बाबांच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट व्हायला लागले. हा त्या औषधाचा स्वभावच आहे. सासूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत आणि म्हणत, "लग्नाच्या वेळी असे असते तर."

वसंतपूजेच्या आदल्या दिवशी बाबा जोडीदारांकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. जोडीदारांनी दुसरा कुणी पाहिलाच नव्हता, एवढं सासूबाईंना त्यांच्या घरून कळलं.

वसंतपूजेत बायका आतल्या खोलीत बसतात. मधलं दार उघडं असतं. वाटीत भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं, आणि बाहेर दोन रांगा. माझ्या हातात वाटी होती, पण मी एक हरभराही खाल्ला नाही. पहिली जोडी सुरू झाली. बाबांचा आवाज आणि जोडीदारांचा आवाज असे एकावर एक बसले की कुठला कुणाचा ते मला ओळखू येईना. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे. ज्या जागी हिवाळाभर आवाज फाटला होता ती जागा आली आणि गेली. सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

मग एका ठरल्या जागी बाबा थांबले. श्वास घेतला आणि पुढचा शब्द उचललाच नाही.

माझ्या हातातली वाटी कलंडली. समोरची रांग बघत होती. बाबा ताठ बसलेले, मिटले ओठ, छाती भरलेली. काही झालं असेल तर मला आधी कळायला हवं, माझा विषय आहे, मी अर्धी उठले. तेव्हा मला शेजारचे जोडीदार दिसले. त्यांना ठसका लागला होता. तोंडावर उपरणं धरून ते खोकत होते, हाताने खूण करत होते की तू म्हण, तू पुढे जा. बाबा गेले नाहीत. नाकपुड्या हलत नव्हत्या, खांदे हलत नव्हते, नुसते त्यांच्याकडे बघत श्वास धरून बसले होते. जोडीदारांनी उपरणं बाजूला केलं, बाबांकडे पाहून मान हलवली, आणि दोघांनी पुढचा शब्द एकदमच उचलला.

महिन्यापूर्वी ज्या माणसाला स्वतःचं वाक्य पुरं करता येत नव्हतं, त्याच्याजवळ आता दुसऱ्यासाठी थांबण्याइतका श्वास होता. सासूबाई माझे सांडलेले हरभरे वेचत होत्या. मी तशीच अर्धी उभी होते आणि मला खाली बसायचं सुचत नव्हतं.